स्टार्व्ह्ड रॉक: पाऊस बघून निघा, कड्यापासून लांब राहा

शिकागोहून आय-८० महामार्गाने पश्चिमेला निघालं की तासभर नुसती मक्याची आणि सोयाबीनची शेतं. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना हा मुलूख ताटासारखा सपाट वाटतो. मग ८१ नंबरच्या एक्झिटला उतरायचं, १७८ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला वळायचं, युटिका हे छोटं गाव मागे टाकायचं आणि इलिनॉय नदीवरचा पूल ओलांडायचा. डावीकडे झाडीने भरलेले कातळकडे उभे राहतात. हेच स्टार्व्ह्ड रॉक स्टेट पार्क. नदीच्या दक्षिण काठाला धरून २,६०० एकरांहून जास्त जागा, १३ मैलांच्या पायवाटा आणि १८ कॅनियन.

कॅनियन म्हटलं की लोक अ‍ॅरिझोनातलं ग्रँड कॅनियन डोळ्यांपुढे आणतात. तसं इथे काही नाही. इथलं कॅनियन म्हणजे आपली घळ. शिवथरघळ आठवा: तिन्ही बाजूंनी कातळ, वरून पडणारं पाणी, आणि बाहेर ऊन असलं तरी आत अंगावर येणारा गारवा. तीच जात, फक्त दगड वेगळा. आणि हा वेगळा दगडच या लेखाचं मुख्य कारण आहे. शिकागोच्या उपनगरांत राहणारे आपले कितीतरी लोक मुलांना आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन इथे जातात. राजगड-हरिश्चंद्रगड करून आलेल्या माणसाला इथल्या उंचीची भीती वाटत नाही. धोका नेमका तिथेच आहे.

आम्ही बारा वर्षं इथे जातोय. सुरुवातीला काय काय चुकलं आणि पुढे काय जमलं, ते क्रमाने सांगतो.

आधी पाऊस बघा, मग वार

आपल्या डोक्यात धबधबा म्हणजे जुलै-ऑगस्ट. इथे तो हिशेब उलटा आहे. इलिनॉयमध्ये पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. बर्फ वितळायला लागल्यापासून मेअखेरपर्यंत घळींत पाणी चांगलं असतं, आणि जुलै-ऑगस्टात बहुतेक धबधबे नुसते ठिबकतात. चार जुलैच्या सुट्टीला ‘वॉटरफॉल बघायला’ निघालेली कुटुंबं कोरड्या कातळासमोर फोटो काढून परततात, आणि वर मरणाची गर्दी.

म्हणून हवामानाच्या ॲपवर नजर ठेवा. मार्च ते मेमध्ये एखादा दमदार पाऊस झाला की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी निघा. सोमवार-मंगळवारी सुट्टी टाकता आली तर सोन्याहून पिवळं. पाऊस चालू असताना मात्र जाऊ नका, आणि अतोनात पाऊस झाला असेल तर आणखी थांबा. नदी चढली की काठालगतच्या खालच्या वाटा पाण्याखाली जातात आणि बंद होतात.

पाऊस जुळला नाही तरी एक आसरा आहे: सेंट लुई कॅनियन. तिथल्या धबधब्याला झऱ्याचंही पाणी मिळतं, त्यामुळे इतर घळी कोरड्या असतानाही तिथे सहसा धार असते.

बाकीच्या ऋतूंची आपापली कारणं आहेत. एप्रिलच्या उत्तरार्धात आणि मेच्या सुरुवातीला रानफुलं येतात. पूर्वेच्या टोकाला असलेल्या इलिनॉय कॅनियनमध्ये व्हर्जिनिया ब्लूबेल्सच्या निळ्या घंटा दाटून फुलतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत पानं रंगतात. जानेवारीत गरुड येतात, त्यांच्याबद्दल पुढे. माझी पसंती विचाराल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा, पावसानंतरचा मंगळवार: पाणी असतं, फुलं असतात, डास अजून आलेले नसतात.

निघण्याच्या आदल्या रात्री इलिनॉयच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या संकेतस्थळावर या उद्यानाचं पान उघडून कोणत्या वाटा बंद आहेत ते बघाच. लाकडी जिने आणि बोर्डवॉक (फळ्यांच्या पायवाटा) दुरुस्तीसाठी बंद असू शकतात, आणि नेमका आई-बाबांना झेपणारा टप्पाच बंद असेल तर सगळा बेत बदलावा लागतो.

नऊच्या आत पोहोचा

प्रवेश आणि पार्किंग, दोन्हीला पैसे पडत नाहीत. दरवर्षी वीस लाखांच्या आसपास लोक इथे येतात. उन्हाळ्यातल्या आणि ऑक्टोबरमधल्या शनिवार-रविवारी पार्किंग भरलं की प्रवेशच थांबवतात, आणि गाड्या पुलापर्यंत तुंबतात. पहिल्या वर्षी आम्ही वाटेत ऑरोराच्या बालाजी मंदिरात दर्शन, प्रसाद असं सगळं आटोपून साडेअकराला पोहोचलो आणि आल्या पावली परतलो. मंदिर वाटेवर आहे म्हणून हा बेत बऱ्याच जणांच्या मनात येतो. करा, पण उलटा करा. आधी उद्यान, परतताना दर्शन.

नेपरव्हिल-ऑरोराकडून साधारण सव्वा तास, शिकागो शहरातून पावणेदोन ते दोन तास धरा. साडेसहाला घर सोडलं की सकाळचं कोवळं ऊन पूर्वेकडच्या कड्यांवर पडतं तेव्हा तुम्ही वाटेवर असता.

सगळे जण व्हिजिटर सेंटरसमोरच्या मोठ्या पार्किंगमध्ये गाडी लावतात. पहिल्या भेटीला तेच ठीक, कारण स्वच्छतागृहं आणि नकाशा तिथे मिळतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. सेंट लुई कॅनियनला १७८ नंबरच्या रस्त्यावरच वेगळं पार्किंग आहे, तिथून वाट बरीच कमी पडते. आणि पूर्वेकडच्या ऑटावा, कॅस्कॅस्किया, इलिनॉय या घळींना ७१ नंबरच्या रस्त्यावर स्वतंत्र पार्किंग आहे. व्हिजिटर सेंटरपासून चालत इलिनॉय कॅनियन साडेचार मैलांहून लांब आहे, म्हणजे येऊन-जाऊन नऊ मैलांच्या वर. गाडीने गेलात तर तिथेच उतरून थोडं चाललं की झालं.

वाटेवरून सूर्यास्ताच्या आत बाहेर पडायचं हा नियम आहे. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, पण डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधारतं. परतायची वेळ निघतानाच ठरवून घ्या.

पिवळा ठिपका, पांढरा ठिपका

घळीत फोनला रेंज भरवशाची नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या, किंवा कागदी घ्या. झाडांवर आणि खांबांवर रंगाचे ठिपके दिसतील. पिवळा ठिपका म्हणजे तुम्ही व्हिजिटर सेंटर आणि लॉजपासून दूर चालला आहात, पांढरा म्हणजे परत येत आहात. आमच्या मुलीला पाच वर्षांची असताना हे समजलं, आणि तेव्हापासून वाटाड्याचं काम तिच्याकडे आहे. मुलांना हे काम द्याच. ठिपके शोधण्याच्या नादात ती वाट सोडत नाहीत.

नकाशावर तीन प्रकारच्या वाटा दिसतात: नदीकाठची, कड्यावरची आणि आतली. कड्यावरच्या वाटेला चढ-उतार आणि जिने जास्त, नदीकाठची तुलनेने सपाट पण पावसात चिखलाची.

बेसाल्टची सवय घरी ठेवा

आता मुख्य मुद्दा. सह्याद्रीचा दगड बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्यावर आपले पाय शिकले: कातळाची धार पकडायची, खोबणीत बोटं रोवायची, कड्याच्या टोकाशी जाऊन दरीत डोकवायचं. बेसाल्टही दगा देतो, पण कोरड्या दिवसांत त्याच्या धारेवर विसंबता येतं.

स्टार्व्ह्ड रॉकचा दगड म्हणजे सेंट पीटर सँडस्टोन. हा वालुकाश्म सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या वाळूतून बनला. गोल, शुद्ध, जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झचे कण, आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारं ‘सिमेंट’ अगदी कमी. हाताने घासलं तरी कित्येक ठिकाणी बोटांना वाळू लागते. शेजारच्या ऑटावा गावाजवळ हाच दगड खणून काचेसाठी वाळू काढतात. सिव्हिलवाल्यांसाठी आणखी एक ओळख: भारतात सिमेंटच्या चाचणीला जशी एन्नोरची प्रमाणित वाळू वापरतात, तशी अमेरिकेत ऑटावाची. चाचणीतली ‘ऑटावा सँड’ ती हीच.

प्रयोगशाळेत ही शुद्ध वाळू गुणाची आहे. कड्याच्या टोकाशी मात्र तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. कडेचा दगड वरून भक्कम दिसतो आणि खालून पोखरलेला असतो. वर सुटी वाळू पसरलेली असते, म्हणजे बुटाखाली खडे-गोळ्या. ओला झाला की त्यावर शेवाळ येतं. तोल गेल्यावर हात टाकायला म्हणून जी धार आपण सवयीने पकडू, ती हातात तुटून येते. या उद्यानात कड्यांवरून पडून माणसं गेली आहेत.

म्हणून आमच्या घरचे नियम असे आहेत. कठडा आहे तिथे कठड्याच्या आत. कठडा नाही तिथे कड्यापासून दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर. दहा वर्षांखालचं मूल कड्यावरच्या वाटेवर मोठ्या माणसाच्या हाताशी, आणि ते मोठं माणूस कड्याच्या बाजूला. फोटो काढताना मागे सरकायचं नाही. ज्याला मागे सरकायचंय त्याने आधी वळून बघायचं. वाट सोडून ‘शॉर्टकट’ मारायचा नाही. या वाटा सोडल्या की झाडीआड कुठे कडा तुटलाय ते कळत नाही, आणि पायाखाली तुडवलेली माती पुढच्या पावसात घळीत वाहून जाते. गड चढताना सगळ्यांत पुढे असणारा जो मित्र प्रत्येक गटात असतो, त्याला हे आधी आणि एकट्यात सांगा.

दगड इतका मऊ असल्यामुळे त्यावर नाव कोरणंही सोपं, आणि लोकांनी कोरलीही आहेत. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवरची नावं बघून ज्यांचा जीव तुटतो, त्यांना वेगळं सांगायला नको. मुलांच्या हातात काठी-किल्ली दिसली तर वेळीच समजावा.

या घळी झाल्या कशा, हे मुलं विचारतातच. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीला, अंदाजे १४ ते १९ हजार वर्षांपूर्वी, वितळणाऱ्या हिमनद्यांचं साठलेलं पाणी बांध फोडून या खोऱ्यातून सुटलं. त्याला कँकाकी टॉरेंट म्हणतात. त्या लोंढ्याने खोरं खोल कापलं. पुढे बाजूच्या ओढ्यांनी या मऊ दगडातून खाली नदीपर्यंत वाट काढली. त्या वाटा म्हणजे आजच्या घळी. मऊ दगड पायाला धोक्याचा, पण त्यामुळेच ही जागा घडली.

नदीत पाय घालायचा नाही

इथे पोहायला तर बंदी आहेच, पण पाण्यात उतरून चालायलाही बंदी आहे. समोर संथ दिसणारं पात्र बघून आपल्याकडच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसल्यासारखे पाय सोडावेसे वाटतात. पण उद्यानासमोरच मोठा बंधारा आहे आणि त्याच्या आसपास खालून खेचणारा प्रवाह असतो. काठावरून मासे धरता येतात. सोळा किंवा त्याहून जास्त वय असलेल्यांना इलिनॉयचा मासेमारी परवाना लागतो.

कोणाला कुठली वाट

आई-बाबा बरोबर असतील आणि गुडघे कुरकुरत असतील, तर फ्रेंच कॅनियनपासून सुरुवात करा. व्हिजिटर सेंटरपासून अर्ध्या मैलाच्या आत आहे. जायला जिने आहेत, पण दमाने जमतं. शेवटच्या टप्प्यात एका अरुंद, ओल्या खडकाच्या घसरगुंडीवरून आत जावं लागतं, पाय ठेवायला खाचा कोरल्या आहेत. माझ्या बाबांनी त्या बघितल्या आणि म्हणाले, “अरे, या तर आपल्या खोबण्या!” तरी तिथे हट्ट करू नका. बाहेरूनही घळ दिसते. आईने बाहेरच्या दगडावर बसून जे ऐकलं, त्याचं वर्णन ती अजून करते: आत पाणी पडत होतं, आणि प्रत्येक आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन बाहेर येत होता.

तिथून परत येऊन स्टार्व्ह्ड रॉकवर चढायचं का, हे जिन्यांची संख्या बघून ठरवा. वर बोर्डवॉक आहे. नदीपासून १२५ फूट उंच हा सुळका. समोर बंधारा, मधली बेटं, पलीकडचा काठ. थांबून बघण्यासारखी जागा आहे, कारण या भागाचा सगळा इतिहास इथून एका नजरेत मावतो. पलीकडच्या काठावर कॅस्कॅस्किया लोकांचं मोठं गाव होतं. १६७३ साली मार्क्वेट आणि जोलिएट हे फ्रेंच प्रवासी परतीच्या वाटेवर तिथे थांबले. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी. १६८२-८३ च्या हिवाळ्यात ला साल आणि टोंटी यांनी याच सुळक्यावर फोर्ट सेंट लुई बांधला. किल्ला का बांधला हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही: तीन बाजूंना कडा, खाली नदी, नजर टापूत.

नावामागची कथा अशी. १७६९ मध्ये ऑटावा जमातीचा सरदार पॉन्टियाक इलिनॉय जमातीतल्या एकाच्या हातून मारला गेला. त्याचा सूड म्हणून ऑटावा आणि पोटावाटोमी लोकांनी इलिनॉय जमातीच्या एका गटाला या खडकावर कोंडलं आणि ते उपासमारीने मेले. ही दंतकथा आहे. त्या काळचा लेखी पुरावा तिच्यामागे नाही. इलिनॉय लोक संपलेले नाहीत. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमात पिओरिया जमात म्हणून नांदत आहेत. मुलांना कथा सांगाल तेव्हा हेही सांगा.

शाळकरी मुलं आणि बऱ्यापैकी चालणारे मोठे असतील, तर वाइल्डकॅट कॅनियन घ्या. साधारण मैलभर. वरच्या कठड्यावरून आधी धबधबा बघायचा, मग जिने उतरून पायथ्याशी जायचं. पाणी असेल त्या दिवशी हा इथला सर्वांत उंच धबधबा. परतताना तेच जिने चढायचे आहेत हे लक्षात ठेवून उतरा.

आमची सगळ्यांत लाडकी वाट लासाल कॅनियनची. एका बाजूने साधारण दोन मैल, बराचसा भाग नदीला धरून. इथे कातळाच्या कपारीमुळे धबधब्याच्या पाठीमागून चालता येतं. पाण्याच्या पडद्याआडून बाहेरची हिरवळ बघायची. थोडं पुढे टोंटी कॅनियन आहे. पायात जोर असेल आणि टोंटीची वाट खुली असेल तर दोन्ही एकत्र करा, आणि दोन्ही घळींना मिळून किमान साडेतीन तास ठेवा.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर सकाळी लासाल-टोंटी, मधे जेवण, आणि दुपारी गाडीने पूर्वेला ऑटावा आणि कॅस्कॅस्किया. या दोन घळींच्या वाटेवर काउन्सिल ओव्हरहँग आहे: कातळाची प्रचंड अर्धी छत्री, खाली शंभरेक माणसं सहज उभी राहतील अशी. पूर्वेकडे गर्दी निम्म्याने कमी होते. ज्यांना मध्यावरचा कलकलाट नको, त्यांनी सरळ इकडूनच सुरुवात करावी.

आणि मध्यावर पाय ठेवायला जागा नसेल, तर दक्षिणेला काही मैलांवर मॅथिसन स्टेट पार्क आहे. तोच दगड, तशाच घळी, माणसं कमी.

पायात, पाठीवर, डब्यात

बुटांचा तळवा खाचांचा हवा. सपाट तळव्याचे पांढरे स्नीकर्स ओल्या वालुकाश्मावर चालत नाहीत, चपला-सँडल तर नकोच. आईला साडीच नेसायची असेल तर सपाट भागापुरता बेत ठेवा. जिन्यांवर आणि ओल्या दगडावर निऱ्या पायात येतात. जास्तीचे मोजे आणि मुलांचे कपडे गाडीत ठेवा, चिखल होणारच. माणशी एक लीटर पाणी बरोबर घ्या, घळींत प्यायचं पाणी नाही. भारतातून आलेल्यांची औषधं आणि विम्याचं कार्ड गाडीत नको, सॅकमध्ये हवं. अडचण आली तर ९११, आणि आपण कोणत्या घळीजवळ आहोत ते नावानिशी सांगता आलं पाहिजे.

जेवण घरून न्या. लॉजमध्ये उपाहारगृह आहे, युटिकात खायच्या जागा आहेत, पण शाकाहारी माणसाला निवड फार मिळत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी रांगेत तास जातो. आमच्या डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी आणि थर्मासात चहा. दुधात भिजवलेल्या दशम्या दिवसभर मऊ राहतात, हात धुवायची सोय नसली तरी खाता येतात. सहलीची टेबलं व्हिजिटर सेंटरजवळ आहेत, पण सकाळीच अडतात. खाणं तिथेच आटपा. घळीत डबा उघडला की खारी आणि रॅकून येतात, आणि सांडलेलं खाऊन ते माणसांच्या मागे लागायला शिकतात.

तीन पानं आणि गोचीड

वाटेच्या कडेला, झाडांवर चढलेली एक वेल दिसेल: एका देठाला तीन पानं, अगदी बेलासारखी. ती पॉयझन आयव्ही. मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोन पानांपेक्षा लांब असतो, ही तिची खूण. आमच्या ओळखीच्या एका आजींनी महाशिवरात्रीच्या सवयीने ती हातात घेतली होती. तिचा रस कातडीला लागला की खाज सुटते, फोड येतात. बिब्बा उतल्यावर जे होतं तेच, आणि त्यात नवल नाही, कारण बिब्बा आणि पॉयझन आयव्ही एकाच कुळातले. लागलंच तर ती जागा लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, कपडे वेगळे धुवा.

मे ते जुलै गोचिडांचा त्रास सर्वांत जास्त. पँट मोज्यात खोचा, वाटेच्या मधोमध चाला, उंच गवतात शिरू नका. घरी आल्यावर अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कानामागे आणि केसांत बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. रॉकेल, काडीचा चटका हे आजीबाईचे उपाय नकोत. नंतर काही दिवसांत ताप किंवा पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

राहायचं असेल तर

तंबूची जागा आणि लॉज, दोन्ही उद्यानातच आहेत, पण वसंत-शरदातल्या शनिवारसाठी कित्येक महिने आधी आरक्षण लागतं. तंबूसाठी जळण घरून आणू नका. लाकडातून झाडं मारणारे किडे पसरतात. राहायचं नसलं तरी लॉजच्या मोठ्या दिवाणखान्यात जाऊन या. १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात, बेकार तरुणांना काम देणाऱ्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरने तो बांधला: ओंडक्यांच्या भिंती आणि मधोमध दोन्हीकडून पेटणारी अजस्र दगडी शेकोटी. माझे बाबा १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या माणसांत वाढले. त्या शेकोटीच्या दगडांवरून हात फिरवत ते बराच वेळ उभे होते.

हिवाळ्यातली दुसरी भेट, पलीकडच्या काठावरून

डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडच्या नद्या-तळी गोठली की बाल्ड ईगल इथे उतरतात. बंधाऱ्याखालचं पाणी घुसळत राहिल्याने गोठत नाही, आणि त्यात मासे सापडतात. रात्री ते बंधाऱ्यालगतच्या बेटावरच्या झाडांवर बसतात. थंडी जितकी कडक, तितके गरुड जास्त. घळींत तेव्हा धबधब्यांचे बर्फाचे खांब झालेले असतात. बघायला जायचं तर बुटांना काटे लावा, नाहीतर जिन्यावरूनच परता. बर्फावर चढणारे लोक दिसतील, पण ते ठरलेल्या घळींतच आणि कार्यालयात नोंद करून चढतात.

थंडी न सोसणाऱ्यांसाठी, आणि खरंतर कुठल्याही ऋतूत आई-बाबांसाठी, मी दिवसाचा शेवट उत्तर काठावर करतो. पूल ओलांडून परत युटिकाच्या बाजूला यायचं आणि डी बेनेट रोडने पूर्वेला वळायचं. थोड्याच अंतरावर इलिनॉय वॉटरवे व्हिजिटर सेंटर आहे. लष्कराच्या अभियंता दलाचं. तिथे चालावं लागत नाही. समोरच जहाजांना बंधाऱ्याच्या वरून खाली आणि खालून वर नेणारा लॉक आहे: ६०० फूट लांब, ११० फूट रुंद पाण्याची पेटी. धान्याने किंवा खडीने भरलेल्या बार्जेसची, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावांची, लांबच लांब माळ आत येते, दरवाजे बंद होतात, आणि सगळं पाणी हळूहळू खाली जायला लागतं. आवाज नाही, घाई नाही. आत जाऊन आधी विचारा की पुढची बार्ज साधारण कधी आहे, आणि तेवढा वेळ हाताशी ठेवा. दुर्बीण असेल तर न्या. आमच्या मागच्या फेरीत बाबांनी दोन बार्जा खाली जाताना बघितल्या, तिसरी लांब वळणावर दिसत होती, आणि गाडीत बसायला ते तयार नव्हते. थर्मासात चहा उरला होता, म्हणून थांबलो.